'पाच-दहा मिनिटं' म्हणणारा माणूस : जेम्स होंग

मधलीसुट्टी
परवा जेवणं उरकल्यावर 'साइनफेल्ड' या अमेरिकन विनोदी मालिकेचा तो चायनीज हॉटेलातला भाग पुन्हा लावला. कितव्यांदा, ते मोजायचं सोडून दिलंय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जेरी, जॉर्ज आणि इलेन जेवायला जातात, टेबल रिकामं नसतं, तिघं दारापाशी ताटकळत उभे राहतात. संपला भाग. त्यांच्या टोळीतला चौथा, क्रेमर, तोसुद्धा नाही त्यात. २३ मे १९९१ ला पहिल्यांदा दाखवला तेव्हा वाहिनीच्या साहेबांना म्हणे प्रश्न पडला होता की यात गोष्ट कुठे आहे.

या वेळी मी त्या तिघांकडे बघितलंच नाही. दाराजवळ वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बघत बसलो. त्याला फारसं काही बोलायचंच नाहीये. "पाच, दहा मिनिटं." कुणी विचारलं, पाच-दहा मिनिटं. चिडून विचारलं, पाच-दहा मिनिटं. इलेन त्याच्या हातात नोट सरकवते. हा नोट घेतो आणि दुसऱ्याच मंडळींना आत पाठवतो. चेहऱ्यावर चोरी नाही, उर्मटपणा नाही, काहीच नाही. जॉर्ज मैत्रिणीच्या फोनची वाट बघत असतो. फोन येतो, आणि हा बाबा भर हॉटेलात ओरडतो, "कार्टराइट! कार्टराइट!" आता जॉर्जच्या कोस्टांझा या आडनावाचं कार्टराइट कसं झालं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. मग जॉर्जला शांतपणे सांगतो, हो, आला होता फोन, हाका मारल्या, कुणी आलं नाही, ठेवून दिला. तिघं कंटाळून बाहेर पडतात आणि दार मिटतं न मिटतं तोच हा पुकारतो, "साइनफेल्ड, चार!" (तिघंच होते. चार!)

नट जेम्स होंग. जन्म २२ फेब्रुवारी १९२९, मिनिआपोलिस. सिनेमा-मालिका धरून नोंदी सहाशेच्या वर. सत्तर वर्षांनी भागलं तरी वर्षाला आठ-नऊ कामं पडतात. 'अरे, हा तो... अमुकमधला... नाव नाही आठवत' या जातीच्या नटांमधला हा माझ्या मते सगळ्यात मोठा. त्याच्याबद्दल बोलावं म्हणून धागा काढतोय. कुणी कुठे कुठे पाहिलाय त्याला?

शेवगा
थांबा थांबा. हा म्हणजे 'कुंग फू पांडा'तला नूडल्सवाला बाप?? मिस्टर पिंग? आमच्या घरात तो सिनेमा इतक्या वेळा लागलाय की मला त्या हंसाचा खोकलासुद्धा पाठ आहे. आवाज कुणाचा हे बघायचं मात्र कधी सुचलं नाही. २००८ पासून चारही भागांत तोच आहे का?

मधलीसुट्टी
@शेवगा, तोच. चौथा भाग २०२४ चा, म्हणजे तेव्हा वय पंचाण्णव. 'मुलान'मधला (१९९८) तो किरकिऱ्या सरकारी सल्लागार चि-फू, तोही हाच.

गावठी_गिलावा
या माणसाशी आमचं नातं वेगळं आहे. तो स्थापत्य अभियंता आहे! मिनेसोटात शिक्षण सुरू केलं, पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदवी घेतली आणि लॉस एंजेलिस काउंटीच्या रस्ते खात्यात दीडेक वर्ष नोकरी केली. म्हणजे तिथला पीडब्ल्यूडीच समजा. शूटिंगसाठी रजा टाकायचा, रजा संपल्या की आजारपणाच्या रजा. साइटवर कुणाला तरी नाटकाची तालीम असते आणि त्याचं पोट नेमकं त्याच दिवशी बिघडतं, हे आम्ही बावीस वर्षं बघतोय. फरक एवढाच की आमच्यातला कुणी क्लार्क गेबलसारख्या हॉलिवूडच्या बड्या नायकासमोर उभा राहिला नाही.

भाकरतुकडा
+१. इंजिनिअरिंग करून नाटकात घुसलेली जमात जगभर सारखीच.

पण इंजिनिअर थेट गेबलपर्यंत पोचला कसा? मधे काहीतरी घडलं असेल ना?

मधलीसुट्टी
@भाकरतुकडा, मधे घडला विनोदवीर ग्राउचो मार्क्स. त्याचा 'यू बेट युअर लाइफ' नावाचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम होता. प्रश्न नावापुरते, खरी मजा ग्राउचोनं पाहुण्यांची उडवलेली टर बघण्यात. १९५४ मध्ये होंग तिथे गेला आणि नकला केल्या. त्यातली एक खुद्द ग्राउचोची, ग्राउचोच्या तोंडावर. पंचविशीतला पोरगा हो! प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग आला आणि त्यावर एजंट मिळाला. पुढच्याच वर्षी 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून'मध्ये गेबलबरोबर आणि 'ब्लड ॲली'त जॉन वेनबरोबर. भूमिका चिमूटभर, पण चित्रपट मोठे.

नकलांचं हे अंग त्याला पुढेही कामी आलं. जपानी 'गॉडझिला' अमेरिकेत १९५६ ला नव्यानं जोडून दाखवला तेव्हा इंग्रजी आवाज लागत होते. नायक ओगाता आणि तो डोळ्यावर पट्टी बांधलेला शास्त्रज्ञ सेरिझावा, दोघांचेही आवाज होंगचे. म्हणजे त्या दोघांच्या समोरासमोरच्या प्रसंगात हा स्वतःशीच वाद घालतोय.

मग १९५७-५८ ची चार्ली चॅन या गुप्तहेराची मालिका, ३९ भाग. होंग त्यात चॅनचा थोरला मुलगा. आता गंमत बघा: चिनी गुप्तहेर चॅनच्या भूमिकेत जे. कॅरल नॅश, आयरिश वंशाचा. डोळ्यांचा मेकअप करून. होंगनं पुढे मुलाखतींत सांगितलंय की एकदा त्याचा एक संवाद चुकला, नॅश सगळ्यांदेखत अंगावर धावून आला आणि याला मालिकेतून जावं लागलं. पडद्यावरचा खोटा चिनी बाप खऱ्या चिनी मुलाला घराबाहेर काढतो. कुणी लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फारच ओढूनताणून आणलंय.

तिरपेअक्षर
धागा आवडला, पण कौतुकाचा सूर थोडा खटकतोय. सहाशे भूमिका म्हणताय, त्या कुठल्या ते तरी बघू या. वेटर, धोबी, घरगडी, स्मगलर, हेर, गूढ बोलणारा म्हातारा. पोलान्स्कीच्या 'चायनाटाउन'मध्ये (१९७४) नावाला चायनाटाउन आहे, होंगच्या वाट्याला काय? घरातला बटलर. 'एअरप्लेन'मध्ये (१९८०) नायकाची रटाळ कहाणी ऐकून शेजारचा जपानी अधिकारी हाराकिरी करतो, तो हाच. हसू येतं, नाही म्हणत नाही. पण मिनिआपोलिसात जन्मलेला माणूस साफ अमेरिकन इंग्रजी बोलतो आणि पडद्यावर कायम मोडकं. त्या साच्याला त्यानंही हातभार लावलाच ना? संख्येचं कौतुक करताना साचा विसरू नये.

मधलीसुट्टी
@तिरपेअक्षर, मुद्दा मान्य आणि मला तो टाळायचाही नाही. पण त्या काळची व्यवस्था कशी होती तेही बघ. पन्नाशीच्या दशकात एका मालिकेचे वर्षाला ३९ भाग काढायचे. मुख्य पात्रं तीच. दर आठवड्याला बदलतो तो खुनी, साक्षीदार, शेजारी, दुकानदार. हे नवे चेहरे सोमवारी यायचे, शुक्रवारी जायचे. गोऱ्या चरित्र नटाला या रांगेत शंभर तऱ्हेचे कपडे मिळत. आज डॉक्टर, उद्या न्यायाधीश, परवा दारुडा. होंगला रांगेत जागा मिळायची ती पटकथेत 'चिनी' असं लिहिलेलं असेल तेव्हाच. नसेल तेव्हा घरी. आणि लिहिलेलं असलं तरी भूमिका मोठी असेल तर ती नॅशला. १९३७ च्या 'द गुड अर्थ'पासून हेच. चिनी शेतकरी-शेतकरीण म्हणजे पॉल मुनी आणि लुईझ रायनर, दोघंही गोरे, आणि तिला वर ऑस्कर.

सत्तरच्या दशकातली 'कुंग फू' मालिका (१९७२-७५) घे. शाओलिन भिक्षू कोण, तर गोरा डेव्हिड कॅराडाइन. त्याच मालिकेत होंग किती तरी भागांत आहे, दर वेळी वेगळा माणूस म्हणून. एकाच मालिकेत! प्रेक्षकांच्या लक्षात येणार नाही ही खात्रीच होती कुणाला तरी.

दुसरं, तो नुसता मिळेल ते घेत बसला नाही. १९६५ मध्ये माको, ब्यूला क्वो, सून-टेक ओ अशा मंडळींबरोबर त्यानं लॉस एंजेलिसात 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही नाटकमंडळी उभी केली. आशियाई नटांना राजे, प्रियकर, खुनी, वकील सगळं करायला मिळावं म्हणून. पहिलं नाटक 'राशोमोन'. संस्था आजही चालू आहे. आठवडाभर मालिकेत घरगडी आणि संध्याकाळी रंगभूमीवर माणूस, असा हिशेब होता तो.

तिरपेअक्षर
ईस्ट वेस्ट प्लेयर्सचं ठाऊक नव्हतं. ती बाजू घेतली तर चित्र बदलतं, खरंय. तरी मोडक्या इंग्रजीबद्दलचं माझं म्हणणं कायम ठेवतो :)

परसदार
@तिरपेअक्षर, इथे एक अनुभव टाकते. मी अमेरिकेत बे एरियात राहते, हौशी मराठी नाटकं करते. सातेक वर्षांपूर्वी एका जाहिरातीसाठी आवाजाची चाचणी द्यायला गेले. भूमिका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची, चार वाक्यं. मी माझ्या नेहमीच्या इंग्रजीत बोलले. समोरची मुलगी फार गोड होती. म्हणाली, छान झालं, आता जरा जास्त इंडियन करून बघू या का? मी विचारलं, म्हणजे कसं? ती गोंधळली, मग तिनंच करून दाखवलं. मी अकोल्याची. माझं इंडियन तिच्यापेक्षा कमी पडलं.

आणि खरं सांगू? मी केलं तसं. वऱ्हाडी ठसका घालून, मान डोलावून. काम मिळालंही. गाडीत बसल्यावर दहा मिनिटं इंजिन सुरू केलं नाही. चार वाक्यांत माझी ही गत. त्या माणसानं दशकानुदशकं ते केलं आणि त्यातून 'पाच-दहा मिनिटं'सारखं सोनं काढलं. साच्याला हातभार लावला असं लांबून म्हणता येतं. आत गेल्यावर पहिल्यांदा दिसतो तो घरभाड्याचा आकडा.

भाकरतुकडा
परसदार, "माझं इंडियन तिच्यापेक्षा कमी पडलं" _/\_

कोपऱ्यातलंटेबल
अवांतर: आपल्याकडे जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर केला, गिनेस बुकात नोंद आहे. इफ्तेखार दुसरे. 'हिलने की कोशिश मत करना' ऐकलं की यांचेच चेहरे. होंगनं वेटर किती केले असतील?

मधलीसुट्टी
@कोपऱ्यातलंटेबल, अवांतर नाही, बरोबर जागी आहे. फक्त एक फरक आहे. जगदीश राज यांना तोच गणवेश मिळाला तो चेहऱ्याला शोभला म्हणून. होंगच्या बाबतीत दुसरा गणवेश शिवलेलाच नव्हता. वेटर मात्र मोजलेले नाहीत. 'बिग बँग थिअरी'तही चायनीज हॉटेलाचा मालक तोच, म्हणजे साइनफेल्डच्या दारातून बढती मिळाली असं धरू.

उंबरठा_७१
उशिरा येतोय. मला या नटांचं अर्थकारण फार रंजक वाटतं, म्हणून थोडं लांबण लावतो.

या पठडीतला दुसरा मोठा माणूस विल्यम शॅलर्ट (१९२२-२०१६). चेहरा म्हणाल तर बँकेतल्या मॅनेजरचा. 'पॅटी ड्यूक शो'मध्ये (१९६३-६६) बाप, 'डोबी गिलिस'मध्ये शिक्षक, 'स्टार ट्रेक'च्या ट्रिबल्सवाल्या भागात (१९६७) तो चिडका धान्याधिकारी बॅरिस. शेकडो कामं, घराघरांत ओळखीचा चेहरा, आणि नाव सांगता येईल असे हजारात पाच. होंगला जे सत्तर वर्षं मिळालं नाही ते सगळं याला मिळालं: बाप, गुरुजी, महापौर, डॉक्टर. वरचा गणवेशाचा मुद्दा याच्याशी ताडून बघा.

पण शॅलर्टची मला आठवण येते ती वेगळ्या कारणानं. १९७९ ते ८१ तो स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचा, म्हणजे नटांच्या युनियनचा, अध्यक्ष होता. १९८० चा मोठा संप त्याच्या कारकिर्दीतला. जुलैत सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. भांडण कशावरून? व्हिडिओ कॅसेट आणि पैसे भरून बघायच्या वाहिन्या नुकत्या येत होत्या, त्या उत्पन्नात नटांचा वाटा किती यावरून. बड्या ताऱ्याला याचं फारसं सोयरसुतक नसतं, तो करारातच घसघशीत लिहून घेतो. खरा प्रश्न आठवड्याला एक काम करणाऱ्याचा. त्याचा भाग पुन्हा दाखवला की त्याला थोडे पैसे येतात, त्याला तिकडे रेसिड्युअल म्हणतात. पूर्वी ठरावीक पुनःप्रक्षेपणांनंतर ते बंद व्हायचे. १९७४ च्या करारापासून भाग जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा, असं झालं. रक्कम उतरत जाते, पण येत राहते.

म्हणजे आपण इथे बसून तो हॉटेलाचा भाग विसाव्यांदा बघतोय, त्याचा कुठेतरी हिशेब होत असतो. ही माणसं टिकतात ती अशा चिल्लरीवर आणि युनियनच्या आरोग्य विम्यावर.

गावठी_गिलावा
@उंबरठा_७१, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली. शासकीय भाषेत सांगायचं तर निवृत्तिवेतन, पण निवृत्त न होता.

नळदुरुस्ती
'ब्लेड रनर' (१९८२) कुणीच काढला नाही म्हणून मी काढतो. होंग त्यात कृत्रिम माणसांचे डोळे बनवणारा च्यू. गोठवलेली प्रयोगशाळा, सगळीकडे बर्फ, हा केसाळ कोट घालून चिमट्यानं डोळा उचलतोय आणि त्या डोळ्याशी लाडानं बोलतोय. मग रॉय बॅटी आणि लिऑन, त्या कृत्रिम माणसांपैकीच दोघं, आत येतात. लिऑन त्याच्या कोटाच्या ऊब देणाऱ्या नळ्या उपटतो. च्यू कुडकुडायला लागतो, तोंडातून वाफा निघतात. ती वाफ खरी आहे. चित्रण खऱ्या शीतगृहात केलेलं. मला काही माहीत नाही, मी फक्त डोळे करतो, असं तो विनवतो. मिनिटा-दोन मिनिटांचा प्रसंग. पण एक कारागीर, त्याचं कामावरचं प्रेम आणि त्याची भीती, तिन्ही दिसतात. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? ते दोघं यायच्या आधी तो एकटाच असतो तेव्हाचं त्याचं पुटपुटणं. कुणी बघत नसताना माणूस कामात कसा असतो ते.

आणि 'बिग ट्रबल इन लिटल चायना' (१९८६)! जॉन कार्पेंटर, कर्ट रसेल. होंग त्यात लो पॅन, शेकडो वर्षं जुना मांत्रिक. एका क्षणी चाकाच्या खुर्चीतला जर्जर म्हातारा, दुसऱ्या क्षणी उंच, चकाकता राक्षस. तेव्हा चित्रपट साफ पडला, नंतर व्हिडिओवर लोकांनी डोक्यावर घेतला.

शेवगा
'फ्रेंड्स'मध्ये पण आहे! आत्ताच शोधलं. मोनिकाचा तो श्रीमंत मित्र पीट कुस्तीच्या नादाला लागतो, त्याचा प्रशिक्षक होशी. मी तो भाग किमान दहा वेळा पाहिला असेल, आणि दहाही वेळा मिस्टर पिंगला ओळखलं नाही. लाज वाटतेय.

तिरपेअक्षर
मीच खोड काढली होती तर मीच पुढचंही लिहितो. काल रात्री २०२३ च्या गिल्ड पुरस्कारांतलं त्याचं भाषण बघितलं. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'च्या अख्ख्या चमूला पुरस्कार मिळाला, चाकाच्या खुर्चीतले आजोबा गाँग गाँग म्हणजे होंग. वय चौऱ्याण्णव. माइक हातात आल्यावर आभारबिभार बाजूला ठेवून सरळ क्लार्क गेबलपासून सुरुवात. मग गोऱ्या नटांच्या डोळ्यांना चिकटपट्ट्या लावून त्यांना चिनी करायचे ते सांगितलं. आशियाई नट पुरेसे चांगले नाहीत, त्यांच्यावर तिकिटं खपत नाहीत, असं निर्माते म्हणायचे तेही. आणि मग, आता बघा आमच्याकडे. सभागृह उभं. ज्याला आपण मोडकं इंग्रजी म्हणत होतो तो माणूस तिथे विनोदाच्या आधी किती थांबायचं ते बरोबर मोजून बोलत होता.

दोन आठवड्यांनी त्या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाले. नटांमध्ये चौघांना नामांकन होतं. होंग त्यात नाही. सवय असेल त्याला.

मोडक्या इंग्रजीबद्दलचं माझं वाक्य मागे घेत नाही, पण आता ते त्याच्यावर रोखलेलं नाही.

परसदार
हॉलिवूडच्या फुटपाथवर कलाकारांच्या नावांचे तारे बसवतात, त्यातल्या होंगच्या ताऱ्याची गोष्टही लिहून ठेवते. ते तारे फुकट मिळत नाहीत, कुणीतरी अर्ज करावा लागतो, पैसे भरावे लागतात. स्टुडिओ सहसा आपल्या चित्रपटाची जाहिरात म्हणून भरतात. होंगसाठी कोण भरणार? डॅनियल डे किम या नटानं २०२० मध्ये लोकवर्गणी काढली, ५५,००० डॉलर. चार दिवसांत जमले. तारा बसला मे २०२२ मध्ये, तेव्हा तो त्र्याण्णव वर्षांचा. इतक्या वयात तारा मिळालेला तोवर दुसरा कुणी नव्हता.

कोपऱ्यातलंटेबल
म्हणजे सत्तर वर्षं टेबलासाठी थांबला आणि...

मधलीसुट्टी
@कोपऱ्यातलंटेबल, हे कुणीतरी म्हणणार हे मला पहिल्या प्रतिसादापासून ठाऊक होतं. मी स्वतःला आवरलं होतं. तुम्ही नाही आवरलंत.

उंबरठा_७१
:)) वर्गणी काढणारेही नटच, हे लक्षात घ्या.

गावठी_गिलावा
धाग्याचा परिणाम कळवतो. काल साइनफेल्डचा तो भाग आईबरोबर बघितला. आईला इंग्रजी येत नाही, आणि हे लोक उभे का, बसत का नाहीत, हे तिला आधी कळेना. मी सांगितलं, टेबलासाठी थांबलेत. होंगनं तिसऱ्यांदा "फाइव्ह, टेन मिनिट्स" म्हटलं तशी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, "अरे, हा तर आपल्या स्टँडवरचा चौकशीवाला! वर सुद्धा बघत नाही मेला." शेवटी ते तिघं निघून गेले आणि त्यानं नाव पुकारलं तेव्हा मात्र तिनं मला थांबवायला लावलं, मागे न्यायला लावलं, आणि पुन्हा बघितलं. मग विचारलं, "याचं अजून काही आहे का रे?"

काय लावू?

शेवगा
पांडा. डोळे मिटून.